लीडनहॉल स्ट्रीटपर्यंत

रविवार

सकाळी सातच्या बसनं लीड्स सोडलं. सप्टेंबरपासून इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.एस्सी. करतेय. पहिलं सत्र असाइनमेंटमध्ये गेलं, दुसरं लॅबमध्ये. ईस्टरची सुट्टी लागली की लंडनला जायचं, हे मात्र आल्या दिवसापासून ठरलेलं होतं. बाबांनी साताऱ्याहून फुलस्केप कागदावर यादी लिहून तिचा फोटो पाठवला होता. बाबा इतिहासाचे शिक्षक, आता निवृत्त. परदेशात ते कधी गेले नाहीत, पण लंडनचा नकाशा त्यांना तोंडपाठ आहे. यादीत नऊ जागा होत्या, प्रत्येकीपुढे खूण करायला छोटा चौकोन. शेवटच्या जागेखाली दोन रेघा मारल्या होत्या: ‘लीडनहॉल स्ट्रीट. ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी. इमारत आता नाही, तरी जाऊन ये.’

बस वाटेत बंद पडली. हायवेवरच्या एका थांब्यावर दोन तास गेले आणि व्हिक्टोरियाला पोहोचेपर्यंत तीन वाजले. हॉस्टेलवर सॅक टाकून तशीच बाहेर पडले. बकिंगहॅम पॅलेस फाटकातून पाहिला. इथे मुक्कामाला राहणारी पहिली राज्यकर्ती व्हिक्टोरिया राणी, १८३७ पासून. फाटकाला एवढी गर्दी होती की मी पाच मिनिटांत निघाले.

खरी संध्याकाळ गेली ती व्हाइटहॉलमध्ये. हॉर्स गार्ड्सच्या कमानीवर घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर दोनच्या आकड्यापाशी काळा डाग आहे. मान वर करून नीट बघितला तरच दिसतो. ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्या वेळेची ती खूण असं सांगतात. रस्त्याच्या पलीकडे बँक्वेटिंग हाउस. ते बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. आतलं छत रुबेन्सनं रंगवलंय. आपल्या वडिलांचा गौरव व्हावा म्हणून चार्ल्सनंच ते करवून घेतलं होतं आणि शेवटच्या दिवशी त्याच छताखालून चालत तो वधस्तंभाकडे गेला. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आपण कुडकुडलो तर लोकांना वाटेल भीतीनं कापतोय, म्हणून त्यानं दोन सदरे अंगात घातले होते. इतिहासातली ही दोन सदऱ्यांची गोष्ट बाबा वर्गात नेहमी सांगायचे. त्या खिडक्यांखाली उभी राहिले आणि मलाही थंडी वाजली. एप्रिल लागला तरी इथला वारा अंगाला लागतो.

सोमवार

वेस्टमिन्स्टर ॲबी. १०६६ पासून इंग्लंडच्या राजाराण्यांचे राज्याभिषेक इथे होत आलेत. पहिली एलिझाबेथ आणि तिची सावत्र बहीण मेरी, आयुष्यभर एकमेकींच्या विरोधात, आता एकाच समाधीत आहेत. तिथे बरेच लोक थांबतात. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ थांबले ती राज्याभिषेकाच्या खुर्चीपुढे.

ओकची खुर्ची, सुमारे सातशे वर्षांची. पहिल्या एडवर्डनं स्कॉटलंडहून आणलेला दगड ठेवण्यासाठी ती करून घेतली. तो दगड १९९६ साली स्कॉटलंडला परत गेला, त्यामुळे खालची जागा रिकामी दिसते. जवळ गेल्यावर लक्षात आलं की पाठीवर आणि बैठकीवर सगळीकडे नावं कोरली आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेजारच्या शाळेतल्या मुलांनी आणि पाहुण्यांनी चाकूनं कोरलेली. एकानं तर लिहिलंय की पी. ॲबट १८०० सालच्या जुलैत ५ आणि ६ तारखेच्या रात्री या खुर्चीत झोपला. रायगडावर, सज्जनगडाच्या वाटेवर दगडांत कोरलेली नावं बघून मी किती वेळा चिडलेय. इथे मात्र त्या ओरखड्यांना काचेआड जपलंय आणि शेजारी त्यांची माहितीही दिलीय. मला ते पटलं नाही. जुनं झालं तरी नुकसान नुकसानच राहतं. पण त्या अक्षरांवरून नजर हटेना, हेही खरं.

बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये चर्चिल आणि गांधीजी दोघेही उभे आहेत. गांधीजींचा पुतळा २०१५ चा. चर्चिलचा ओव्हरकोट आणि काठी, गांधीजींची शाल आणि अनवाणी वाटावेत असे साधे पाय. त्याहून जास्त लक्षात राहिली ती समोरासमोरची दुसरी जोडी. वेस्टमिन्स्टर हॉलबाहेर हातात तलवार आणि बायबल घेतलेला क्रॉमवेल, आणि रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीत पहिल्या चार्ल्सचं लहानसं मस्तक. ज्यानं राजाला मारलं तो आणि जो मेला तो, दोघे एकमेकांकडे तोंड करून. राजेशाही परत आल्यावर क्रॉमवेलचं प्रेत उकरून त्याचं मुंडकं याच हॉलवर खांबाला टोचून ठेवलं होतं. रात्री बाबांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उद्या हॉलच्या फरशीकडे बघून चाल.”

मंगळवार

हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

सभागृहाच्या गॅलरीत बसायला पैसे लागत नाहीत, फक्त रांग लावावी लागते आणि झडती द्यावी लागते. झडतीनंतर पहिला पाय पडतो तो थेट वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. बांधकाम १०९७ चं, लांबी साधारण ७३ मीटर, रुंदी २० मीटरच्या वर. एवढ्या रुंदीत मधे एकही खांब नाही. मी वर बघितलं आणि जागच्या जागी थांबले. दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३९३ नंतर, ह्यू हर्लंड नावाच्या सुतारानं हे ओकचं छत घातलं. भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या तुळया, त्यांवर उभे दांडे, त्यांना पेलणाऱ्या कमानी, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला पंख पसरलेला देवदूत. वर्गात आम्ही असला भार संगणकावर काढतो. हर्लंडकडे ना समीकरणं, ना सॉफ्टवेअर. हातात करवत, पटाशी आणि पिढ्यांचा अनुभव. मागचे लोक बाजूनं पुढे जात राहिले. एका सुरक्षारक्षकानं जवळ येऊन विचारलं, ठीक आहे ना. मी म्हटलं, हो, छत बघतेय. ते हसले आणि म्हणाले, बघा हवं तेवढं.

मग बाबांच्या सांगण्याप्रमाणे फरशीकडे बघत चालले. दगडी फरशीत पितळी पाट्या बसवल्या आहेत, पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. विल्यम वॉलेसचा खटला १३०५ साली इथे झाला. थॉमस मूरचा १५३५ साली. पायऱ्यांवर चार्ल्सची पाटी. राजा स्वतःच्याच राज्यात आरोपी म्हणून जिथे बसला ती जागा. त्यानं या न्यायालयाला मानायलाच नकार दिला होता. २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचं पार्थिव याच हॉलमध्ये दर्शनाला ठेवलं होतं.

आणि वॉरन हेस्टिंग्ज, कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल. १७८८ ते १७९५, सात वर्षं हा खटला चालला. चेतसिंगाचं बनारस, अवधच्या बेगमांची संपत्ती, हिंदुस्थानातल्या कारभाराचे किती आरोप. आरोप मांडणारा खासदार एडमंड बर्क दिवसच्या दिवस बोलत होता. सालबाईचा तह आपल्याशी झाला तोही याच हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत. शेवटी निर्दोष सुटला. मी त्या जागी उभी राहून विचार करत होते की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांतलं कोण इथे येऊन बोलू शकलं असतं? हजारो मैल समुद्र, परकी भाषा, आणि दारावर ओळखीचं कोणी नाही. हा प्रश्न माझा नाही, साताऱ्याचा आहे. त्याचं उत्तर शुक्रवारच्या जागेत होतं.

पुढे सेंट स्टीफन्स हॉल. १८३४ च्या आगीपर्यंत हाउस ऑफ कॉमन्स इथेच भरत असे. ही आग कशानं लागली? खजिन्याच्या जुन्या हिशेबाच्या लाकडी कांड्या भट्टीत जाळताना. पार्लमेंटचा बहुतेक भाग जळाला, वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. इथे दोन्ही बाजूंना मोठमोठे पुतळे आहेत. त्यांतल्या फॉकलंडच्या पुतळ्याच्या पायाकडे बघा. बुटाची टाच मारायची आरी तुटलेली आहे. १९०९ साली मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी स्वतःला या पुतळ्यांना साखळ्यांनी बांधून घेतलं होतं. त्यांना सोडवताना ती आरी मोडली, आणि ती तशीच राहिली आहे. राजांच्या मुकुटांपेक्षा मला तो मोडका दगड मोठा वाटला.

गॅलरीत माझ्या आणि सभागृहाच्या मध्ये काच होती. टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा सभागृह खूप लहान आहे. ६५० सभासद आणि बाकांवर जागा सव्वाचारशेच्या आसपास. जर्मन बॉम्बनं १९४१ मध्ये जुनं सभागृह पडलं, तेव्हा पुन्हा तेवढंच लहान बांधायचं ठरवलं. त्या दिवशी चाळीसेक लोक बसले असतील. एक सभासद बाई आपल्या मतदारसंघातल्या स्टेशनवरची लिफ्ट कधी दुरुस्त होणार म्हणून विचारत होत्या आणि मंत्री उठून उत्तर देत होते. १६४२ मध्ये चार्ल्स पाच सभासदांना पकडायला सैनिक घेऊन इथे घुसला, त्यानंतर कुठलाच राजा या सभागृहात आलेला नाही. नवं अधिवेशन सुरू होताना राजाचा दूत बोलवायला येतो तेव्हा आधी त्याच्या तोंडावर दार आपटतात. मग तो तीनदा ठोठावतो. लिफ्टचा प्रश्न ऐकताना मला हे सगळं आठवत होतं. दार आपटण्याचा अधिकार मिळवायला राजाचं डोकं जावं लागलं, तेव्हा कुठे ती बाई आज लिफ्टबद्दल विचारू शकते.

बुधवार

यादीतल्या आपल्या माणसांचा दिवस. आधी क्लार्कनवेल. फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाई नौरोजींची पाटी आहे आणि जवळच्या एका गल्लीला नौरोजी स्ट्रीट हे नाव. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून कॉमन्सवर निवडून गेले. त्याआधी चारच वर्षांपूर्वी पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी जाहीर सभेत म्हणाला होता की इंग्लंडमधला मतदारसंघ अजून काळ्या माणसाला निवडून देणार नाही. लोकांनी दिलं. फरक बोटांवर मोजण्याइतक्या मतांचा, म्हणून त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ म्हणायला लागले. शपथ त्यांनी अवेस्तावर घेतली. काल जे सभागृह काचेतून पाहिलं, त्याच्या जागी तेव्हा असलेल्या जुन्या सभागृहात ते गेले होते. नौरोजी स्ट्रीट अगदी छोटी गल्ली आहे, दोन मिनिटांत संपते. मी ती तीनदा चालले.

मग मेडा व्हेलला, हाउली प्लेसमधलं दहा नंबरचं घर. लोकमान्य १९१८-१९ मध्ये इथे राहिले, व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या दाव्यासाठी आले होते आणि तो हरले. निळी पाटी वाचली, घर कोणाचं तरी राहतं आहे, म्हणून फार थांबले नाही.

दुपारी चॉक फार्मला उतरून किंग हेन्रीज रोड. १० नंबर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर घेतलं. बूट काढून आत गेले. कोणी सांगितलं नव्हतं, पण हात आपोआप लेसकडे गेले. जिना अरुंद आहे, लाकूड पायाखाली कुरकुरतं. वरच्या खोलीत पलंग आणि टेबल मांडून ठेवलंय, खिडकीतून मागचं हिरवं दिसतं. तिथे एक कुटुंब नागपूरहून आलेलं भेटलं. आजी पलंगाजवळ हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “बाई, तू इथं शिकतेस का? मग खूप शिक.” मी त्यांच्या पाया पडले.

१९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते परत आले. मी बँकेच्या कर्जावर शिकतेय. हप्त्याच्या चिंतेनं माझी झोप जाते. त्या टेबलाजवळ उभी राहिले तेव्हा जाणवलं की इथे झोपमोडीचं कारण फक्त पैसा नव्हता. आपण मागे पडलो तर आपल्यासोबत सगळे मागे पडतील, हे ओझं होतं. १९३० च्या नोव्हेंबरात पहिली गोलमेज परिषद हाउस ऑफ लॉर्ड्सच्या रॉयल गॅलरीत सुरू झाली, समोर पाचवा जॉर्ज, आणि प्रतिनिधींमध्ये बाबासाहेब.

आणि साताऱ्याचा धागा इथेही आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं, तेव्हाच्या भिवाचं, नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात लागलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल, जुन्या राजवाड्यातलं. बाबा त्याच शाळेत शिकले.

गुरुवार

विंडसरला ट्रेननं गेले. पावसात भिजले, त्यामुळे बरंचसं घाईत झालं. सेंट जॉर्ज चॅपेलच्या मधोमध काळ्या संगमरवरी फरशीवर नावं आहेत. आठवा हेन्री, जेन सीमोर, आणि त्यांच्या सोबतच पहिला चार्ल्स. रविवारी घड्याळापासून सुरू झालेली गोष्ट इथे येऊन थांबली. दुसऱ्याच कोणाच्या तळघरात जागा मिळालेला राजा.

किल्ल्याच्या दालनात टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे. डोळे आणि दात स्फटिकाचे. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सिंहासन तोडून वाटून घेतलं. जीभ बाहेर काढलेला तो वाघ काचेत अगदी नीट पुसून ठेवलाय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, तेव्हा आम्ही रांगेत उभं राहून ती पाहिली होती. ती महाराजांचीच का यावर वाद आहेत, पण रांग लांबच लांब होती. या वाघापुढे रांग नव्हती.

शुक्रवार

टॉवर ऑफ लंडन. विल्यम द काँकररनं अकराव्या शतकात बांधायला घेतलेला पांढरा बुरूज, नदीच्या बाजूचा ट्रेटर्स गेट, बागेतले कावळे. टॉवर ग्रीनवर जिथे शिरच्छेद झाले तिथे काचेची उशी ठेवली आहे. ॲन बोलीनसारख्यांची आठवण. पावसाचे थेंब त्या उशीवर साचले होते.

जवाहीरखान्यात मुकुट काचेत आणि आपण सरकत्या पट्ट्यावर उभे. कोहिनूर राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात आहे, १९३७ चा मुकुट. एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, मग तिसऱ्यांदा. आज तो १०५ कॅरेटचा आहे, इथे आणल्यावर नव्यानं पैलू पाडताना सुमारे ८० कॅरेट गेलं. १८४९ साली लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो घेतला. घेणारा गव्हर्नर-जनरल डलहौसी. त्याच डलहौसीनं त्याआधी एक वर्ष, १८४८ ला, वारस नाही म्हणून सातारा खालसा केला. पट्टा सरकत राहिला, आणि मला मुकुटापेक्षा ती दोन सालं शेजारी शेजारी दिसत होती.

टॉवरपासून लीडनहॉल स्ट्रीट पंधरा-वीस मिनिटं चालत. दुपारचे चार वाजत आले होते, ऑफिसं सुटायची वेळ. कंपनीची कचेरी होती तिथे आता लॉइड्स या विमाबाजाराची इमारत आहे, १९८६ ची. पाइप, जिने, लिफ्ट, सगळं बाहेरच्या अंगाला. वर्गात तिच्यावर आम्हाला दोन तास शिकवलं होतं. रस्त्याच्या बाजूला जुन्या लॉइड्सची १९२० च्या दशकातली दगडी दर्शनी भिंत तेवढी ठेवली आहे, कमानीच्या दारासकट. कंपनीच्या वेळचं काही नाही.

साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येकानं टेकडीवरच्या ‘चार भिंती’वर बसून गाव बघितलेलं असतं आणि तिथल्या स्मारकावर रंगो बापूजी गुप्ते हे नाव वाचलेलं असतं. १८३९ साली कंपनीनं छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, असले आरोप. महाराजांना काशीला पाठवलं. त्यांचा वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला आले आणि जवळजवळ चौदा वर्षं इथे राहिले. अर्ज केले, कागद छापले, पार्लमेंटच्या सभासदांना भेटले, आणि पुन्हा पुन्हा या रस्त्यावर आले. जॉर्ज थॉम्पसनसारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पैसे संपले, कर्ज झालं. १८४७ ला महाराज काशीतच वारले. पुढच्या वर्षी राज्यच गेलं. तरी ते आणखी पाच वर्षं इथे थांबले. कोणासाठी? ज्यांच्यासाठी आले ते राजे नाहीत, ज्याच्यासाठी भांडत होते ते राज्य नाही. परत गेले आणि १८५७ च्या उठावाच्या तयारीत सापडले. मुलाला, सीतारामला, साताऱ्यात गेंडामाळावर मृत्युदंड झाला. ते स्वतः निसटले आणि पुन्हा कधीच कोणाला दिसले नाहीत.

बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे साडेआठ झाले होते, मागे आई ताटं घेत होती.

“पोहोचले बाबा.”

“पाटी आहे का त्यांच्या नावाची?”

“मला दिसली नाही. दोन्ही बाजूंनी फिरून आले.”

“कॅमेरा फिरव. रस्ता दाखव.”

मी फोन उलटा धरला आणि हळूहळू फिरवला. बस, सायकलवाले, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं, दगडी कमान. बाबा चष्मा कपाळावर सारून स्क्रीनच्या अगदी जवळ आले. आई म्हणाली जेवायला बसा, त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

“दारापाशी जा,” ते म्हणाले. “कमानीच्या.”

गेले.

“आता थोडा वेळ तिथेच उभी राहा. फोन बंद नको करू.”

मी उभी राहिले. पाऊस पुन्हा लागला होता. आतून एक पहारेकरी बाहेर आला आणि कोणाला भेटायचंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, आमच्या गावचे एकजण इथे यायचे. तो मान हलवून आत गेला. बाबा पलीकडून काही बोलत नव्हते. फोनवर थेंब पडत होते, ते बोटानं पुसत मी बॅटरी संपेपर्यंत तशीच थांबले.